अळणी लाटी

इंदुताईंनी पापडाचं पीठ कुटायला घेतलं, की आमच्या इमारतीतल्या बायकांना आपापलं लाटणं घेऊन वर जावं लागतं. 'जावं लागतं' असं मी म्हणते. बाकीच्या हौसेने जातात. बरकतपुऱ्यातल्या त्या इमारतीत ही प्रथा मी भाड्याने राहायला येण्याच्या कितीतरी आधीपासूनची आहे आणि घर बघायला आले तेव्हा मला तिच्याबद्दल कोणीही सावध केलं नव्हतं. मी सरकारी कार्यालयात नोकरी करते, एकटी राहते, स्वयंपाक गरजेपुरता करते. तरी पहिल्याच चैत्रात इंदुताईंनी दार वाजवून माझ्या हातात पोळपाट दिला. 'वंदना, वर ये,' एवढंच म्हणाल्या. माझे पापड एका बाजूला जाड होतात. इंदुताई ते बाजूला काढून वेगळे वाळवतात. त्या ढिगाला इमारतीत 'वंदनाचे' असं नाव पडलं आहे आणि ते विकत कोणाला देत नाहीत.

इंदुताई देगलूरकडच्या शेतकरी घरातल्या. लग्न होऊन हैदराबादला आल्या त्या लोखंडी मुसळ घेऊनच, असं सांगतात. नामदेवराव, म्हणजे त्यांचे यजमान, वीज खात्यात होते. आता निवृत्त आहेत आणि फारसं बोलत नाहीत. नोकरीत असतानाही बोलत नसत. इकडे कुकटपल्लीपासून सुलतान बाजारापर्यंत कोणत्याही मराठी घरात लग्न निघालं, की रुखवतात इंदुताईंचे उडदाचे पापड असतात. त्यांची परीक्षा कडक. पापड उजेडात धरायचा, पलीकडची बोटं दिसली पाहिजेत आणि कुठे सुरकुती दिसता कामा नये. सुरकुती दिसली तर त्या लाटणाऱ्या बाईकडे नुसतं बघतात. त्यापेक्षा बोलल्या असत्या तर बरं.

पुढचं समजायला लाटी काय ते माहीत हवं. मीठ आणि पापडखार पाण्यात उकळायचा, त्या पाण्यात उडदाचं पीठ घट्ट भिजवायचं, तेलाचा हात लावून कुटायचं आणि त्याचे छोटे गोळे करायचे. त्या लाट्या. लाटता लाटता त्यातली एखादी तेलात बुडवून कच्चीच तोंडात टाकायची. लाटीसारखी चव नाही, हे मी पापडांचा राग बाजूला ठेवून कबूल करते. पण इंदुताईंच्या मते लाटी हे खाणं नव्हे. चतुर्थीला दिवसभर पाण्यावर राहणाऱ्या ह्या बाई पीठ कुटून झालं की अर्धी लाटी तोंडात टाकतात.

'इंदुताई, उपास मोडला,' मी एकदा म्हटलं.

'खाल्लं कुठं मी? चव बघितली,' त्या म्हणाल्या.

प्रसाद, चव आणि लाटी ह्या तीन गोष्टी त्या घरात पोटात जात नाहीत. मग कुठे जातात, ते मी विचारलं नाही.

अशा घरात वकील आला. वकील म्हणजे कुत्रा. ल्हासा जातीचा, पांढरा, डोळ्यांवर केस आलेला. इंदुताईंचा मुलगा विक्रम कुकटपल्लीला राहतो. त्याने आणि त्याच्या बायकोने, रेणूने, तो पिल्लू असताना हौसेने आणला आणि ऑस्कर असं नाव ठेवलं. नावाला तो कधी वळला नाही. कुठल्याच गोष्टीला वळला नाही. शी-शू कुठे करायची ते त्याला कळेना. आपल्याच भांड्याला धडकायचा, सोफ्याभोवती एकाच दिशेने गोल फिरत राहायचा. दोघं नोकरीवर जायची, तो मागे एकटा. शेवटी विक्रम त्याला आईकडे सोडून गेला. 'थोडे दिवस,' असं म्हणाला होता.

हा कुत्रा कोपऱ्यात जायचा, कपाळ भिंतीला टेकवायचा आणि उभा राहायचा. बराच वेळ. काहीतरी मोठा विचार चालला आहे असं बघणाऱ्याला वाटायचं आणि निष्पन्न काहीच व्हायचं नाही. इंदुताईंच्या माहेरच्या जमिनीचा दावा ज्या वकिलाकडे होता, तो असाच होता म्हणे. म्हणून हा वकील. रेणूला ते नाव आवडलं नाही, पण कुत्रा आता तिच्याकडे नव्हता.

मला कुत्री आवडत नाहीत. हे मी सुरुवातीलाच सांगून ठेवलेलं बरं. त्यांचा वास येतो, केस गळतात आणि ती उगाच प्रेम करतात. वकील प्रेम करत नव्हता, तेवढी त्याची एक गोष्ट मला पटायची.

एका रविवारी सकाळी वरून भांडं पडल्यासारखा आवाज आला. मी गेले तर वकील जमिनीवर आडवा. चारही पाय ताठ, मग ते पळत असल्यासारखे हलायला लागले, तोंडाला फेस. इंदुताई शेजारी बसून त्याच्या पाठीवर हात ठेवून होत्या आणि 'झालं, झालं' म्हणत होत्या, जरी काहीच झालेलं नव्हतं. खालच्या मजल्यावरचे अप्पाराव एका हातात कांदा आणि दुसऱ्या हातात चप्पल घेऊन धावत आले. 'फिट्स है अम्मा, सुंघाव, सुंघाव!' दोन्ही हुंगवून झालं. मग वकील उठला, चप्पल बघितली आणि भिंतीला धडकला.

दवाखान्यातल्या डॉक्टर प्रणिता वयाने लहान, कपाळावर कायम आठी. कांद्याचं ऐकून त्या आधी रागावल्या. कुत्र्याच्या पोटात कांदा गेला तर विष असतं म्हणाल्या. मग त्यांनी डोक्याचा एमआरआय करून आणायला सांगितलं. विक्रमने तो करवून आणला. फोटो भिंतीवरच्या दिव्याला लावून त्यांनी सगळ्यांना समोर बसवलं.

'अम्मा, दिमाग में ऐसे सिलवटां रहते. अखरोट में रहते ना, वैसे. इसके में नहीं हैं. पैदाइशी है.'

'आई, ह्याच्या मेंदूवर सुरकुत्या नाहीत,' विक्रमने सांगितलं.

'एकपण नाही?'

'एकपण नाही. प्लेन आहे. जन्मापासूनच.'

'मग चांगलंच की,' इंदुताई म्हणाल्या.

जन्मभर सुरकुत्यांशी वैर केलेल्या बाईला दुसरं काय सुचणार? डॉक्टरांनी पुन्हा समजावलं. पोटात असतानाच मेंदूच्या घड्या पडायच्या राहून गेल्या आहेत. कधीकधी ह्या जातीत होतं असं. त्यामुळे तो काही शिकणार नाही, त्याला नीट दिसतही नसेल, झटके येत राहणार. ते औषधाने कमी करता येतील, मेंदू बदलता येणार नाही. 'आपको पहचानता क्या नहीं, वो भी बोल नहीं सकते, अम्मा,' असं त्या जरा हळू आवाजात म्हणाल्या.

इंदुताईंनी विचार केला. मग शेजारी बसलेल्या नामदेवरावांकडे बोट करून म्हणाल्या, 'हे ड्यूटीवरून यायचे, चहा प्यायचे आणि पेपर उघडायचे. मला ओळखत होते का, ते मला तरी कुठं सांगता येतं?'

नामदेवराव पंख्याकडे बघत राहिले.

औषध ब्रोमाइडचं मिळालं. त्याची एक अट होती आणि ती डॉक्टरांनी तीन भाषांत सांगितली. हे औषध मिठाच्याच जातीचं आहे. अंगात मीठ जास्त गेलं की मूत्रपिंड मिठाबरोबर औषधही बाहेर फेकतं. म्हणून जेवणातलं मीठ रोज सारखं पाहिजे. 'कम-जास्ती नक्को. बिल्कुल नक्को.'

इंदुताईंनी ते मनावर घेतलं. वकिलाचं भांडं वेगळं, पातेलं वेगळं, पळी वेगळी. कोंबडीचं पाणी आणि भात, अळणी. आपल्या भाजीची पळी चुकून त्या पातेल्यात गेली, तर सगळा भात टाकून नवा लावायच्या. घरातली खुर्ची-टेबलं हलवायची नाहीत असा नियम झाला, कारण वकील धडकायचा. त्या दिवसभर त्याच्याशी बोलायच्या. भाजीवाल्याने कसं फसवलं, विक्रमचा फोन कसा आला नाही, सगळं त्याला सांगायच्या. तो भिंतीकडे तोंड करून उभा असायचा. मी त्यांना म्हटलं, 'त्याला काही कळत नाही.' त्या म्हणाल्या, 'म्हणूनच तर सांगता येतं.' हिवाळा चांगला गेला. झटका एखादाच, तोही हलका. वकिलाचं वजन वाढलं. कपाळावरचे केस भिंतीला घासून गेले होते, तेवढंच.

मग चैत्र आला आणि मुसळाचा आवाज सुरू झाला.

गच्चीवर साड्या पसरल्या, पापड पडले. कावळ्यांसाठी नामदेवराव छत्री आणि काठी घेऊन खुर्चीवर बसले आणि त्यांच्या खुर्चीखालच्या सावलीत वकील. बायका जिन्याशेजारच्या खोलीत गोल करून लाटत होत्या. वकील अधूनमधून आत यायचा, कोणाच्यातरी गुडघ्याला धडकायचा आणि थांबायचा. ती बाई 'ये रे वकिला' म्हणून त्याच्या तोंडात लाटी द्यायची. लाटी त्याला कळायची. आयुष्यात त्याला कळलेली ती एकमेव गोष्ट असावी. वासावर तो बरोबर यायचा, न धडकता. बायकांना त्याचं फार कौतुक. इंदुताईही द्यायच्या. नामदेवराव खिशात ठेवून द्यायचे. अप्पाराव तर आपल्या आवकायच्या, म्हणजे आंध्राकडच्या कैरीच्या लोणच्याच्या, बरणीतला मसाला लागलेला भाताचा घासही 'थोडासा' म्हणून देऊन गेले. मी काही दिलं नाही. मला कुत्री आवडत नाहीत.

पापडांचा दुसरा घाणा निघाला तेव्हा झटके परत सुरू झाले. आधी एखादा, मग वरचेवर. डॉक्टरांनी औषध वाढवलं. 'खाने में कुछ बदले क्या?' त्यांनी विचारलं. 'बिल्कुल नाही,' इंदुताई म्हणाल्या, आणि ते त्यांच्या दृष्टीने शंभर टक्के खरं होतं. 'नमक?' 'अळणी भात. माझ्या हाताने.' डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर. औषध आणखी वाढलं. रक्तातलं औषध तपासायची सोय त्या दवाखान्यात नव्हती आणि अशा व्यवस्थित बाईवर अविश्वास दाखवायला कोणाला जागा नव्हती.

एका दुपारी तो गच्चीवर वाळत्या पापडांतच कोसळला. एक झटका संपतो तोवर दुसरा. त्याच्या पायांखाली पापडांचा चुरा होत होता. इंदुताई त्या चुऱ्यात मांडी घालून बसल्या आणि त्याचं डोकं हातांवर घेतलं, म्हणजे फरशीवर आपटू नये. नामदेवरावांनी छत्री त्याच्यावर धरली आणि स्वतः उन्हात उभे राहिले. कावळे पापड घेऊन गेले. कोणी हाकलले नाहीत.

रविवारी विक्रम आला. तो वाईट मुलगा नाही. वकिलाला मांडीवर घेऊन बराच वेळ बसला, मग म्हणाला, 'आई, ह्याचे हाल बघवत नाहीत. डॉक्टर म्हणाल्या, औषध फुल डोसला गेलंय, ह्याच्यापुढे काही नाही. इंजेक्शन देऊन शांत झोपवतात. त्याला कळणार पण नाही.'

इंदुताई पीठ कुटत होत्या. त्या थांबल्या नाहीत.

'पापड संपू देत,' म्हणाल्या.

'पापड? आई, तुला पापड पडलेत?'

'लोकांना शब्द दिलाय. संपू देत. मग घेऊन जा.'

विक्रम चिडून गेला. मलाही त्यांचा राग आला. पण त्या वर्षी पापड संपेनात. एक घाणा झाला की दुसरा. रुखवतांचे झाले, नेहमीच्या घरांचे झाले, तरी मुसळ चालूच. कोणाचे म्हणून विचारलं तर कुकटपल्लीतल्या कोणत्याशा लग्नाचं नाव सांगायच्या. त्या घरातली मुलगी अजून शाळेत आहे, हे मला माहीत होतं. मी माझे जाड पापड लाटत राहिले. नसलेल्या लग्नांचे पापड लाटायला मी पहिल्यांदाच कुरकुर केली नाही. वकील आमच्यामधून फिरायचा आणि बायका आता तो जाणार म्हणून त्याला आणखी लाट्या द्यायच्या.

शेवटी उडीद संपले. सुलतान बाजारातल्या त्यांच्या किराणा दुकानदारानेही पुढच्या आठवड्यावर टाकलं. शनिवारी सकाळी विक्रम गाडी घेऊन आला.

'वंदना, तू चल,' इंदुताई मला म्हणाल्या. 'तुला कुत्रं आवडत नाही. तू रडायची नाहीस.'

मी गेले. गाडीत वकील नामदेवरावांच्या मांडीवर, कपाळ दाराच्या काचेला टेकवून.

डॉक्टरांनी टेबलावर जाड कापड अंथरलं होतं. सुई भरून ताटलीत ठेवलेली होती. त्यांनी वकिलाला टेबलावर घेतलं, त्याच्या पायावरचे केस कापायला कात्री उचलली, तेव्हा इंदुताई म्हणाल्या, 'जरा थांबा. उपाशी पोटी नको.' आणि पिशवीतून स्टीलचा डबा काढला. आत लाट्या, वर तेल.

वकिलाने मान वर केली. डब्याच्या दिशेने सरळ तोंड नेलं.

'अम्मा, ये क्या है?' डॉक्टरांनी विचारलं.

'लाट्या. पापडाच्या.'

'पापड का आटा? कच्चा?' त्यांनी एक उचलून वास घेतला, चिमटीभर जिभेवर ठेवली आणि तोंड वाकडं केलं. 'इसमें नमक कितना है?'

'पापडात असतं तेवढं. शिवाय खार.'

'ये खाता है?'

'खात नाही. लाटी घेतो तेवढी.'

'कब से?'

'चैत्रापासून.'

डॉक्टरांनी कात्री खाली ठेवली. त्यांनी पहिल्यापासून विचारायला सुरुवात केली. रोज घेतो का? रोज. एक की जास्त? मग आम्ही सगळे आठवायला लागलो. खालच्या बाई, शेजारच्या बाई, आवकायवाले अप्पाराव. असा एक एक वाढत गेला. साऱ्या इमारतीत त्या कुत्र्याचं वाईट न केलेली मी एकटीच निघाले, जिला तो आवडत नव्हता.

इंदुताई स्टुलावर बसल्या. त्यांना सगळं कळलं होतं, आमच्याही आधी. त्याला अजून चार दिवस मिळावेत म्हणून त्या पापड करत राहिल्या होत्या, आणि जितके पापड केले तितकं मीठ त्याच्या पोटात गेलं, औषध बाहेर पडत राहिलं. 'माझ्याच हातानं,' त्या म्हणाल्या. 'भात अळणी, आणि हे माझ्याच हातानं.'

'मी देत होतो,' नामदेवराव म्हणाले. 'खिशात असायच्या. तुझ्यापेक्षा जास्त मी दिल्या. तू कामात असायचीस, तुला माहीत नाही.'

इतकी वाक्यं सलग बोलताना मी त्यांना तोवर कधी ऐकलं नव्हतं. इंदुताईंनी त्यांच्याकडे बघितलं.

डॉक्टरांनी सुई उचलून मागच्या कपाटात ठेवली. 'आज नक्को, अम्मा,' त्या म्हणाल्या. रक्त बाहेर तपासायला पाठवते, तोवर झटक्यांना दुसरं औषध देते, मीठ बंद. मेंदू आहे तसाच राहणार, ते विसरू नका. पण औषधाला पोटात राहायला तर द्या. ते न बघता मी त्याला मारू शकत नाही.

मला रडू आलं. चांगलं मोठ्याने आलं. विक्रमने रुमाल दिला.

'तुला ह्यासाठी आणलं नव्हतं की गं,' इंदुताई म्हणाल्या.

रक्तात औषध नावापुरतं निघालं. पावसाळा सरेपर्यंत वकिलाचे झटके हळूहळू मागे गेले, पूर्ण गेले नाहीत, जाणारही नाहीत. अजून महिन्या-दोन महिन्यांनी एखादा येतो. तो शहाणा झाला नाही. नाव सांगितलं तर वळत नाही. इमारतीतल्या प्रत्येक दाराशी जाऊन इंदुताईंनी एकच वाक्य सांगितलं, की वकिलाला लाटीसुद्धा खाणंच आहे. चतुर्थीला त्या आता चव बघत नाहीत. पीठ खारट झालं की नाही ते मला विचारतात.

ह्या वर्षी चैत्रात मुसळाचा आवाज आला आणि मी बोलावणं यायच्या आधीच पोळपाट घेऊन वर गेले. इंदुताईंनी मिठाच्या पाण्यात पीठ भिजवायच्या आधी मूठभर पीठ वेगळं काढलं, साध्या पाण्यात मळलं आणि तव्यावर भाजलं. ती वकिलाची अळणी लाटी. डॉक्टरांना विचारून. त्याला ती फारशी आवडत नाही, पण खातो.

आम्ही गोल करून लाटत होतो. वकील आला. कोणी काही दिलं नाही. तो एकदा सगळ्यांच्या मागून फिरला, मग इंदुताईंच्या पाठीशी थांबला, कपाळ त्यांच्या पाठीला टेकवलं आणि उभा राहिला.

'पहचानता क्या नहीं' हे डॉक्टरांचं बोलणं मला आठवलं. इंदुताईंनाही आठवलं असणार.

'भिंत समजला असेल,' त्या म्हणाल्या.

लाटताना पुढे वाकावं लागतं, त्याशिवाय जोर येत नाही. इंदुताई वाकल्या नाहीत. तो बाजूला होईपर्यंत ताठ बसून नुसत्या हातांनी लाटत राहिल्या, आणि तो बराच वेळ बाजूला झाला नाही. त्या दुपारचे त्यांचे पापड एका बाजूला जाड निघाले. त्यांनी ते उजेडात धरून बघितले आणि माझ्या ढिगात ठेवले.